सायलेन्सर मोकळा केल्यावर गाडी फटाके मारते: जेटला हात लावण्याआधी काय तपासायचं

तक्रार साधारण अशी असते. मोटारसायकलच्या मूळ सायलेन्सरचा आवाज मिळमिळीत वाटला म्हणून मागच्या झाकणाला भोकं पाडली, किंवा आतला बॅफल (आवाज अडवणारी नळी किंवा पडदा) कापून काढला, किंवा सरळ स्लिप-ऑन (मूळ पाईपवर सरकवून बसवायचा बाजारातला सायलेन्सर) चढवला. सुरुवातीला मजा आली. मग उतारावर रेस सोडली की मागून फट्-फट्-फटाक्. कुणीतरी कार्ब्युरेटरमधला जेट (पेट्रोलचं माप ठरवणारी बारीक भोकाची नळी) मोठा टाकून दिला, फटाके थोडे कमी झाले, अ‍ॅव्हरेज पडला, आणि काही दिवसांत आवाज पुन्हा हजर. आता जेट अजून वाढवायचा का?

अजिबात नाही. फटाके परत येतात याचा सरळ अर्थ असा की मूळ कारण तसंच राहिलं आणि त्यावर पेट्रोल ओतून ते झाकलं गेलं. माझं ठाम मत आहे की आवाज वाढवल्यानंतरच्या फटाक्यांमध्ये पहिला संशय एक्झॉस्टच्या सांध्यांवर घ्यायचा, दुसरा गाडीतल्या सेकंडरी एअरच्या (एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडणाऱ्या) नळीवर, आणि मिक्श्चरवर, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणावर, सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमके उलटे जातात, कारण स्क्रू फिरवायला दोन मिनिटं लागतात आणि बेंड पाईप (इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतचा वाकडा पाईप) उतरवायला अख्खी दुपार जाते.

फटाका होतो कसा

धावत्या गाडीची रेस एकदम सोडली की थ्रॉटल बंद होतो, पण इंजिन चाकाच्या जोरावर फिरतच राहतं. सिलिंडरमध्ये हवा फार थोडी येते, तिच्यात मागच्या फेरीचा जळका वायू मिसळलेला असतो, आणि असलं मिश्रण प्लगला धड पेटवता येत नाही. ते अर्धवट जळून किंवा न जळताच एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून बाहेर पडतं. इथपर्यंत हे प्रत्येक गाडीत होतं, कंपनीतून आलेल्या गाडीतही.

फटाक्यासाठी तीन गोष्टी एका जागी याव्या लागतात: न जळलेलं पेट्रोल, उष्णता आणि ऑक्सिजन. पहिल्या दोन पाईपमध्ये आहेतच. उरतो ऑक्सिजन. एक्झॉस्टमध्ये वायू सलग वाहत नाही, तो धक्क्याधक्क्याने जातो. प्रत्येक दाबाच्या धक्क्यामागून कमी दाबाची लाट येते आणि त्या क्षणी पाईपमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो. सांध्यात केसाएवढी फट असली तरी त्या वेळी ती हवा आत ओढते. म्हणून गळक्या सांध्यातून नुसता धूर बाहेर येतो असं समजू नका, हवा आतही जाते. मूळ सायलेन्सर हे सगळं पोटात घालून शांत करत होता. तुम्ही पोट मोकळं केलंत, त्यामुळे आधीही होत असलेला बारीक फटाका आता चौकापर्यंत ऐकू जातो. शिवाय बॅफल काढलेल्या आखूड पाईपमध्ये मागच्या टोकाकडूनही बाहेरची हवा आत शिरायला वाव मिळतो.

तेव्हा आधी एक गोष्ट ठरवा: तुमच्या गाडीचा आवाज नेमका कोणता आहे? रेस सोडल्यावर दोन-चार वेळा मऊ पुटपुट होऊन थांबत असेल तर मोकळ्या सायलेन्सरच्या मानाने ते चालण्यासारखं आहे, त्याच्या मागे लागू नका. बंदुकीसारखा एकेक जोराचा बार निघत असेल, किंवा एका ठराविक वेगाने जातानाही, रेस न सोडता फटके बसत असतील, तर थांबवायलाच हवं. त्या बारांनी सायलेन्सरमधली काचलोकर उडून जाते आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची (कॅटॅलिस्टची, म्हणजे धुरातलं प्रदूषण कमी करणाऱ्या भागाची) जाळी तडकते. रेस वाढवताना फटके बसत असतील तर ती भानगड वेगळी आहे: प्लग, कॉइल, व्हॉल्व्हचं क्लिअरन्स किंवा कमी पडणारं पेट्रोल. तिथे सायलेन्सरला दोष देऊ नका.

सांधे: इथे घाई करू नका

गाडी रात्रभर थंड होऊ द्या. ती उघड्यावर घ्या, बंद गॅरेजमध्ये नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि या कामात तुमचं नाक पाईपजवळच असणार.

इंजिन सुरू करण्याआधी टॉर्च घेऊन खाली बसा आणि बेंड पाईप सिलिंडर हेडला जिथे मिळतो ती जागा नीट बघा. गळती असेल तर बहुधा तिचा माग दिसतो: फ्लँजच्या (पाईपच्या तोंडाशी नट बसतात त्या पट्टीच्या) कडेने हेडच्या अ‍ॅल्युमिनियमवर पसरलेला काळा, मखमली पट्टा. एका बाजूला पट्टा गडद आणि दुसऱ्या बाजूला धातू स्वच्छ असेल, तर नट एकाच बाजूने जास्त आवळले गेलेत आणि फ्लँज तिरका बसलाय. बोटाने पुसून बघा. कोरडी काजळी लगेच बोटाला लागते. चिकट तेलकट डाग असेल तर तो वरच्या कव्हरमधून उतरलेल्या ऑइलचा असू शकतो, त्याला गळती समजू नका.

मग इंजिन सुरू करा आणि पहिल्या अर्ध्या मिनिटातच, पाईप तापायच्या आत, तळहात सांध्याच्या चारी बाजूंनी दोन-तीन इंचांवरून फिरवा. हात लावायचा नाही. गळती असेल तर तळहातावर फुंकरीसारखे ठोके जाणवतात आणि कानाला टिक्-टिक् ऐकू येतं. ही टिकटिक पुष्कळदा टॅपेटचा (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचा) आवाज समजली जाते आणि उगाच व्हॉल्व्ह सेटिंग केलं जातं. दोन्हींत फरक असा की गॅस्केटची टिकटिक थंड इंजिनवर जास्त असते आणि पाईप तापून फुगला की कमी होते किंवा पूर्ण थांबते. गाडी गरम झाल्यावर मेकॅनिककडे नेली की तो म्हणतो, कुठे काय आहे? म्हणूनच ही तपासणी सकाळी थंड इंजिनवर करायची.

दुसरी चाचणी: जाड हातमोजा घाला, ओलं फडकं गुंडाळून सायलेन्सरचं टोक काही सेकंद दाबून धरा. सगळं घट्ट असेल तर इंजिन गुदमरून बंद पडतं किंवा फडकं मागे ढकलतं. गळती असेल तर इंजिन खुशाल चालू राहतं आणि फटीतून फुस्स आवाज येतो. तो आवाज सायलेन्सरच्या खालच्या अंगाला असलेल्या बारीक भोकातून येत असेल तर घाबरू नका. अनेक सायलेन्सरना पाणी निथळायला असं भोक कंपनीनेच दिलेलं असतं.

तरीही सापडत नसेल तर इंजिन बंद आणि पूर्ण थंड असताना सायलेन्सरच्या टोकातून ब्लोअरने किंवा व्हॅक्युम क्लीनरच्या उलट्या तोंडाने हवा सोडा आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी शिंपडा. हेडचा सांधा, मधला क्लॅम्प, ऑक्सिजन सेन्सरचा बुडखा, वेल्डिंगचे जोड, सगळीकडे. बुडबुडे खोटं बोलत नाहीत.

फट सापडली की गॅस्केट नवंच टाका. तांब्याचं असो वा ग्राफाइटचं, हेडवरचं रिंग गॅस्केट एकदा चेपलं की त्याचं काम संपलं. सायलेन्सर बसवताना जुनंच पुन्हा घातलं असेल तर समस्येचं मूळ बहुतेक तिथेच आहे. नट सुटत नसतील तर जोर लावू नका. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडून ठेवा, दुसऱ्या दिवशी इंजिन थोडं कोमट करा आणि नट मागे-पुढे हलवत सोडवा. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये स्टड (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा) तुटला की साध्या गॅस्केटच्या कामाचं हेड उतरवण्याचं काम होऊन बसतं.

गॅस्केट बदललं, तरी पुन्हा गळतंय

वारंवार उलटणाऱ्या दुखण्याचं खरं कारण इथे आहे, आणि ते गॅस्केटच्या दर्जापेक्षा नट आवळण्याच्या क्रमात असतं.

सायलेन्सर तीन जागी धरलेला असतो: हेडवर, मधल्या जोडावर आणि मागच्या हँगरवर. बसवणारा माणूस आधी हँगरचा बोल्ट आवळतो, कारण त्याशिवाय सायलेन्सर हातात लोंबतो. एकदा मागचं टोक पक्कं झालं की पुढे हेडवर पाईप एक-दोन मिलिमीटर वाकडा राहतो आणि नट आवळून त्याला जबरदस्तीने जागेवर आणलं जातं. सांधा त्या दिवशी बंद होतो, पण पाईप कायम ताणाखाली राहतो. तापणं, थंड होणं आणि इंजिनाची थरथर, यात ताण गॅस्केटवर जिरतो आणि काही दिवसांत फट उघडते. बाजारातल्या स्लिप-ऑनचा हँगर मूळ जागेशी तंतोतंत जुळत नसेल तर हे हमखास होतं.

योग्य क्रम असा. आधी सगळे नट-बोल्ट नुसत्या बोटांनी लावा, पाईप हलला पाहिजे. मग हेडवरचे दोन्ही नट आलटून-पालटून, थोडे थोडे आवळत न्या, फ्लँज दोन्ही बाजूंनी सारखा उतरतोय का ते बघत. हे नट बहुधा एम६ किंवा एम८चे असतात आणि त्यांचा टॉर्क (आवळायचा नेमका जोर) हाताच्या अंदाजापेक्षा बराच कमी असतो. मॅन्युअलमधला आकडा बघा आणि टॉर्क पाना वापरा. त्यानंतर मधला क्लॅम्प. त्याची चीर आणि पाईपची चीर एकाच रेषेत ठेवू नका. हँगर अगदी शेवटी. हँगरचं भोक समोर येत नसेल तर पाईप ओढून आणू नका, वॉशर टाका किंवा पट्टीचं भोक लांबट करा. गाडी एकदा पूर्ण तापवून थंड झाली की हेडचे नट पुन्हा टॉर्कवर तपासा. ही शेवटची पायरी जवळपास सगळेच गाळतात.

हँगरचं रबर बुशही बघा. ते चेपून दगडासारखं झालं असेल तर सगळी थरथर पुढच्या सांध्यावर जाते.

सीलंटबद्दल एक सूचना. हेडच्या सांध्यात सीलंट भरू नये, तिथे गॅस्केटच हवं. मधल्या जोडावर उष्णता सोसणारी एक्झॉस्ट पेस्ट चालते. पण साधं सिलिकॉन ऑक्सिजन सेन्सरच्या आसपास कुठेही नको, त्याच्या वाफेने सेन्सरवर थर बसतो आणि तो बाद होतो.

सेकंडरी एअर

सांधे घट्ट आहेत आणि तरी फटाके आहेत, तर हवा गाडी स्वतःच आत सोडत असेल. प्रदूषण कमी करण्यासाठी पुष्कळ गाड्यांमध्ये एअरबॉक्समधून एक नळी सिलिंडर हेडच्या एक्झॉस्ट पोर्टपर्यंत जाते. मध्ये एकाच दिशेने उघडणारा रीड व्हॉल्व्ह असतो. पोर्टमध्ये दाब खाली गेला की ताजी हवा आत ओढली जाते आणि उरलेलं पेट्रोल तिथेच जळतं. रेस एकदम सोडल्यावर ही हवा बंद करण्याची सोय या यंत्रणेत असते, कार्ब्युरेटरच्या गाडीत व्हॅक्युमवर आणि फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत सोलेनॉइडवर. व्हॅक्युमची बारीक नळी तडकली किंवा डायफ्रॅम (आतला रबरी पडदा) फाटला की हवा नको त्या वेळी येत राहते.

तपासायचं कसं? हवेची नळी चिमट्याने तात्पुरती दाबून एक फेरी मारा. फटाके एकदम थांबले तर दोषी सापडला. मग व्हॉल्व्ह, डायफ्रॅम आणि बारीक नळ्या बघा. ही यंत्रणा कायमची बंद करून देणारे लोक भेटतील, पण ती ज्या गाडीत आहे तिथे प्रदूषणाच्या मंजुरीचा भाग आहे आणि बंद केल्याने ताकद वाढत नाही. नादुरुस्त भाग बदलला की काम होतं.

कार्ब्युरेटरच्या कित्येक गाड्यांत आणखी एक छोटा डायफ्रॅम असतो, एअर कट-ऑफ व्हॉल्व्हचा. रेस सोडल्यावर तो पायलट जेटकडे (कमी रेसच्या जेटकडे) जाणारी थोडी हवा अडवतो, म्हणजे मिश्रण क्षणभर घट्ट होतं (पेट्रोलचं प्रमाण वाढतं) आणि नीट पेटतं. त्याचं रबर फाटलं तर लक्षण अगदी ‘लीन’, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळणाऱ्या, गाडीसारखं दिसतं आणि सगळे जेटच्या मागे लागतात.

आता मिक्श्चर

हवा कुठून येत नाही याची खात्री झाली की मगच इथे या.

कार्ब्युरेटरमध्ये रेस सोडल्यावरच्या फटाक्यांचा मुख्य जेटशी काही संबंध नाही. मुख्य जेट पाऊण रेसच्या पुढे बोलतो. मधल्या पट्ट्यात सुईची खाच बोलते, आणि बंद किंवा जेमतेम उघड्या थ्रॉटलला पायलट जेट आणि मिक्श्चर स्क्रू. ‘जेट मोठा केला’ म्हणून जो मोठा केला जातो तो बहुतेक वेळा मुख्यच. म्हणून फटाके राहतात आणि अ‍ॅव्हरेज जातो. इंजिन पूर्ण तापवून मिक्श्चर स्क्रू पाव-पाव फेरी फिरवा आणि रेस न देता इंजिन सगळ्यात वेगाने आणि स्थिर कुठे फिरतं ते शोधा. स्क्रू स्लाइडच्या (कार्ब्युरेटरमध्ये रेसबरोबर वर-खाली होणाऱ्या झडपेच्या) एअर फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवेचा आहे, आत गेला की मिश्रण घट्ट होतं. इंजिनाकडच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा आहे, बाहेर काढला की घट्ट होतं. हा फरक न बघता फिरवणाऱ्यांची संख्या मोठी आहे. स्क्रू योग्य हद्दीत येतच नसेल तर पायलट जेट एका मापाने बदला. आणि एअरबॉक्सचं झाकण उघडं ठेवून किंवा जाळीचा फिल्टर बसवून फटाके बरे होत नाहीत, वाढतात.

फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गंमत उलटी होते. बेंड पाईपमध्ये बसलेला ऑक्सिजन सेन्सर सतत बघत असतो की मिश्रण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल या प्रमाणाच्या आसपास आहे का. साध्या सेन्सरचं व्होल्टेज साधारण ०.१ ते ०.९ च्या मध्ये वर-खाली नाचतं. सेन्सरच्या आधी सांधा गळत असेल तर आत ओढलेल्या हवेतला ऑक्सिजन त्याला दिसतो, तो ‘लीन’ सांगतो, आणि ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, बिचारा पेट्रोल वाढवत राहतो. म्हणजे गाडीला हवा जास्त झाल्याचा भास, प्रत्यक्षात प्लग काळाकुट्ट आणि टोकातून पेट्रोलचा वास. काळा प्लग आणि पी ०१७१ म्हणजे ‘लीन’चा कोड, अशी विसंगत जोडी दिसली तर ट्यूनिंगवाल्याकडे जाण्याआधी पुन्हा एकदा साबणाचं पाणी घ्या.

इंजेक्शनच्या गाडीत रेस पूर्ण सोडली की ईसीयू पेट्रोल तोडतो आणि आरपीएम खाली आल्यावर पुन्हा सोडतो. फटाके नेमके त्या परतीच्या क्षणी, दरवेळी त्याच आरपीएमला होत असतील तर ते मॅपचं, म्हणजे ईसीयूमधल्या पेट्रोलच्या तक्त्याचं, काम आहे. नुसता स्लिप-ऑन बदलला आणि कॅटॅलिस्ट, सेन्सर जागेवर असतील तर वेगळ्या मॅपची गरज सहसा पडत नाही. बेंड पाईपपासून सगळं बदललं असेल तर पडते.

‘पिकअप गेला’

फटाक्यांच्या खालोखाल हीच तक्रार. आणि उत्तर ठरलेलं: ‘बॅक प्रेशर गेलं.’ फोर-स्ट्रोक इंजिनाला उलट्या दाबाची गरज नसते, ते दाबाविरुद्ध वायू ढकलताना ताकदच घालवतं. गरज असते वायूच्या वेगाची आणि परतणाऱ्या लाटेच्या वेळेची. एक्झॉस्ट आणि इनलेट व्हॉल्व्ह थोडा वेळ दोन्ही उघडे असतात. त्या वेळात कमी दाबाची लाट पोर्टवर पोहोचली तर जळका वायू खेचला जातो आणि ताजं मिश्रण आत येतं. कंपनीने पाईपची लांबी, व्यास आणि सायलेन्सरचं पोट या वेळेसाठी, तेही रोजच्या मधल्या आरपीएमसाठी, जुळवलेलं असतं. बॅफल काढलात की लाट वेगळ्या जागेवरून परतते. वरच्या आरपीएमला कदाचित थोडं मिळतं, खाली दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला गाडी ओढत नाही. आवाज मोठा झाल्याने गाडी जोरात पळतेय असं वाटतं, ते स्टॉपवॉच लावून बघा. याला जेटचा इलाज नाही, लांबी आणि पोट परत द्यावं लागतं.

टू-स्ट्रोकच्या गाडीत तर मागच्या बारीक पाईपला हातच लावू नका. तिथे त्याचा व्यास फुगीर चेंबरमधला दाब ठरवतो. तो बिघडला की पिस्टन जाम होऊ शकतो.

भोकं पाडून झालीत, आता काय

मूळ सायलेन्सरच्या आत बहुधा दोन-तीन कप्पे असतात आणि वायू एका कप्प्यातून दुसऱ्यात उलटसुलट फिरतो. हे कप्पे खालच्या पट्टीचा घुमणारा आवाज मारतात. काचलोकर वरच्या पट्टीचा, चरचरीत आवाज गिळते. मागच्या झाकणाला भोकं पाडली की फक्त शेवटचा कप्पा बाद होतो. आवाज वाढतो, पण वाढतो तो पत्र्याचा. लोकांना जो खोल, जड आवाज हवा असतो तो भोकांनी येत नाही. एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात ३००० आरपीएमला सेकंदाला २५ स्फोट होतात, त्या ठोक्याला उठाव द्यायला सायलेन्सरमध्ये आकारमान लागतं.

भोकं बुजवायची असतील तर पट्टी वेल्ड करता येते, पण क्रोमचा किंवा जस्ताचा मुलामा त्या भागावरून आधी पूर्ण काढा. दोन्हींचा धूर विषारी आहे. वेल्डिंगआधी बॅटरीची तार सोडा, शक्य असेल तर सायलेन्सर गाडीवरून उतरवूनच काम करा. काचलोकरीला हात लावणार असाल तर मास्क आणि हातमोजे. ड्रिलचा चुरा आत राहिला तर खुळखुळतो आणि ओल धरून आतून गंजतो, तो पूर्ण झटकून काढा. खरं सांगायचं तर एकदा कापलेला मूळ सायलेन्सर पहिल्यासारखा होत नाही. प्रयोग करायचे असतील तर दुसऱ्या सायलेन्सरवर करा आणि मूळ कपाटात ठेवा. गाडी विकताना आणि तपासणीच्या वेळी त्याची आठवण येईल.

बाकीच्या किरकिरी, थोडक्यात

ठराविक आरपीएमला पत्रा वाजल्यासारखा झर्र आवाज: हीट शील्डचा क्लॅम्प किंवा डीबी किलर (सायलेन्सरच्या टोकात बसवलेली, आवाज कमी करणारी काढता येणारी नळी). डीबी किलरचा एकच बोल्ट थरथरीने निघतो आणि तो नळीचा तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा मागच्याच्या अंगावर जाऊ शकतो. बोल्ट तारेने बांधा.

नवीन स्लिप-ऑन काही महिन्यांत कर्कश झाला: काचलोकर जळून उडाली. रिव्हेट काढून पुन्हा भरता येते.

एका वेगाला डोकं उठवणारी घूं: नळीतला अनुनाद. चारचाकीत त्यासाठी एका टोकाला बंद अशी आडनळी जोडतात, पण ३०० अंश सेल्सिअसच्या वायूत १०० हर्ट्झचा आवाज मारायला ती सुमारे १.२ मीटर लांब लागते. मोटारसायकलवर ती मावत नाही. मोठ्या पोटाचा सायलेन्सर किंवा डीबी किलर हाच इलाज.

बेंड पाईप निळा पडला: एकाच पत्र्याचा, क्रोम केलेला पाईप थोडाफार निळा पडतोच. नव्याने, झपाट्याने पडला आणि प्लगही पांढरा असेल तर मिश्रण पातळ आहे, चालवणं थांबवा.

इंजिन लाईट लागला आणि गाडीत एक्झॉस्टमध्ये उघडझाप करणारी झडप होती: तिची मोटर किंवा केबल सुटलेली आहे. ती जागेवर ठेवूनच चालणारा स्लिप-ऑन निवडा.

गाडी वर चढेना, वरच्या आरपीएमला गळा आवळल्यासारखी, आणि पाईप ठोकल्यावर आत खडखडाट: कॅटॅलिस्ट वितळून तुटलाय आणि तुकड्यांनी वाट अडवलीय. महिनोन्‌महिने फटाके तसेच चालू ठेवल्याचा हा परिणाम. न जळलेलं पेट्रोल जाळीत जळतं आणि जाळी सहन करेल त्यापलीकडे तापते.

किती मोठा म्हणजे मोठा

फटाके गेले तरी आवाजाचा प्रश्न उरतो, आणि तो मोजता येतो. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या नियम ४१ प्रमाणे धावत्या गाडीच्या आवाजाची मर्यादा ताकद आणि वजनाच्या गुणोत्तरानुसार ७३, ७४ किंवा ७७ डेसिबल आहे. उभ्या गाडीची चाचणी घरीही अंदाजे करता येते: माइक सायलेन्सरच्या टोकापासून अर्ध्या मीटरवर, टोकाच्याच उंचीवर, ४५ अंशात. इंजिनाची कमाल ताकद ५००० आरपीएमच्या वर मिळत असेल तर त्या आरपीएमच्या निम्म्यावर धरा, ५००० किंवा त्याखाली मिळत असेल तर पाऊणपटीवर. उभ्या गाडीचा आकडा नेहमीच जास्त येतो, तो ७७ शी ताडून बघू नका. अनेक गाड्यांच्या फ्रेमवरच्या पट्टीवर उभ्या चाचणीचा मूळ आकडा आणि आरपीएम कोरलेला असतो, त्याच्याशी ताडा. फोनचं अ‍ॅप चार-पाच डेसिबल इकडेतिकडे दाखवतं, पण बदलाआधी आणि बदलानंतर एकाच फोनवर, एकाच जागी मोजलं तर फरक कळतो. ३ डेसिबल वाढ म्हणजे ध्वनीची ऊर्जा दुप्पट, १० डेसिबल वाढ कानाला साधारण दुप्पट वाटते. कानाच्या सुरक्षेसाठी ८५ डेसिबलला आठ तास हे प्रमाण धरतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं.

मूळ सायलेन्सरवरचं मोजमाप करून ठेवलं नसेल तर बदल करण्याआधी तेवढं मात्र घ्या. फटाक्यांची तक्रार घेऊन कुणाकडे गेलात तरी आधीचा आकडा, प्लगचा फोटो आणि कोणत्या आरपीएमला बार निघतो, एवढं सोबत असलं की समोरचा माणूस जेटची डबी उघडण्याआधी सांध्याकडे बघतो.